सुरतच्या गिरणीतला कॅमेरा आणि मजुरांचा सवाल : परदेशात डॉक्युमेंटरी करायची तर काय लागतं?

नवापूर स्टेशनवरचा तो बाक सगळ्यांना माहीत आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. याच मार्गावरून खान्देशातली माणसं वर्षानुवर्षं सुरतेला कामाला जातात. कुणी लूमवर, कुणी डाईंगच्या मिलमध्ये, कुणी साडीच्या मार्केटात. लिंबायत, उधना, डिंडोली भागात फिरलं की अहिराणी कानावर पडतेच.

याच सुरतच्या सचिन औद्योगिक भागातल्या एका कापड गिरणीवर बनलेली 'मशीन्स' ही डॉक्युमेंटरी ॲमस्टरडॅम आणि अमेरिकेपर्यंत गाजली. आता आपल्या भागातली कॅमेरा हाताळणारी पोरंही विचारतात, देशोदेशी फिरून असं काम करता येईल का? येतं. पण आधी हा सिनेमा कसा झाला ते बघू.

'मशीन्स' झाला कसा?

दिग्दर्शक राहुल जैन दिल्लीचा. त्याच्या आजोबांची सुरतेत लहानशी कापड गिरणी होती आणि लहानपणी तो तिथं हिंडायचा. पुढं कॅलिफोर्नियात सिनेमाचं शिक्षण घेताना त्याने हा विषय हाती घेतला. कॅमेरा सांभाळला मेक्सिकोच्या रॉड्रिगो त्रेहो व्हियानुएवाने. पैसा आणि निर्मितीत भारताबरोबर जर्मनी आणि फिनलंडचे लोक होते. म्हणजे गिरणी सुरतची, कॅमेरामन मेक्सिकोचा आणि निर्माते तीन देशांतले. फिरत्या डॉक्युमेंटरीवाल्याचं काम बहुतेक वेळा असंच चालतं.

२०१६ मध्ये हा सिनेमा ॲमस्टरडॅमच्या 'इडफा' महोत्सवात दाखवला गेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याच्या छायाचित्रणाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

सिनेमात मागून कुणी माहिती सांगत बसत नाही. यंत्रांचा आवाज, रंगांचे पिंप, ओलं कापड आणि बारा-बारा तासांची पाळी. एक पोरगा यंत्रापाशी उभ्या उभ्या पेंगतो. मालक सीसीटीव्हीच्या पडद्यांवर मजुरांवर नजर ठेवतो. लांबून कर्ज काढून आलेला मजूर म्हणतो की मला कुणी जबरदस्तीने आणलेलं नाही.

शेवटी मजूर काय विचारतात?

शेवटाकडे मजूर कॅमेऱ्याभोवती गोळा होतात आणि उलट दिग्दर्शकालाच धरतात. तुमच्यासारखे येतात, आमचं दुःख बघतात आणि निघून जातात. तुम्ही काय करणार ते सांगा, असा त्यांचा सवाल. दिग्दर्शकाने तो कापून टाकला नाही, सिनेमात ठेवला. परदेशात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला हा सवाल कधी ना कधी ऐकावा लागतो.

बाहेर जाताना काय लागतं?

पहिलं, व्हिसा. पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप शूटिंग करायचं, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बऱ्याच देशांत पत्रकारिता किंवा चित्रीकरणासाठी वेगळी परवानगी लागते. आपल्याकडेही तसंच आहे. परदेशी माणसाला भारतात डॉक्युमेंटरी करायची तर भारतीय दूतावासामार्फत परराष्ट्र मंत्रालयाच्या परवानगीतून जावं लागतं.

दुसरं, सामान. कॅमेरा, लेन्स, साऊंडचं साहित्य तात्पुरतं बाहेर नेण्यासाठी 'एटीए कार्नेट' नावाचं कागदपत्र मिळतं. भारतात ते 'फिक्की' ही संस्था देते. त्यासाठी हमी रक्कम ठेवावी लागते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. कार्नेट मानणाऱ्या देशांत त्यावर कस्टम ड्युटी लागत नाही. सामान थोडंच असेल तर निदान निघताना विमानतळावर कस्टमकडून कॅमेऱ्याच्या नंबरासह निर्यात दाखला करून घ्या. नाहीतर परत येताना कॅमेरा जुना आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

तिसरं, बॅटऱ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नसते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोनच नेता येतात.

चौथं, तिथला माणूस. या धंद्यात त्याला 'फिक्सर' म्हणतात. भाषा, रस्ता, परवानगी, कुठं कॅमेरा काढायचा नाही, हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

पैसा कुठून?

इथं घाई चालत नाही. एकेका सिनेमाला काही वर्षं जातात. गोव्याचा फिल्म बाजार, कोलकात्याचं डॉकएज, 'इडफा'चा बर्था फंड अशा ठिकाणी अर्धवट काम दाखवून निर्माते आणि निधी शोधतात. तोवर पोट भरायला लग्नाचं शूटिंग, जाहिरात, दुसऱ्याच्या सिनेमावर कॅमेरा असं बरंच काही करावं लागतं. नुसत्या डॉक्युमेंटरीवर घर चालवणारे थोडेच.

मग त्या सवालाचं काय?

सिनेमाने पगार वाढत नाही, हे कॅमेरा काढण्याआधीच समोरच्याला सांगावं. संमती घेताना नुसती सही घेऊन भागत नाही. हा सिनेमा कोण बघेल, मालकाने बघितला तर नोकरीवर काय येईल, हे त्याच्या भाषेत समजावून सांगावं लागतं. तो नको म्हणाला तर कॅमेरा बंद. आणि सिनेमा झाल्यावर परत जाऊन तो त्यांना दाखवायचा. परतीच्या तिकिटाचा खर्च बजेटमध्ये नसेल तर बजेटच अपुरं आहे.

आपल्या सीमाभागातल्या पोरांची एक बाजू इथं भक्कम आहे. सुरतेत आपले काका-मामा बाहेरचे म्हणूनच राहिले, तिथली भाषा शिकले, खोली भाड्याने मिळवताना चार प्रश्न ऐकले. बाहेरून आलेल्या माणसाकडे लोक कसं बघतात, हे आपल्याला घरातूनच कळलेलं आहे. परक्या देशात कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहताना तेवढं आठवलं तरी पुष्कळ.

आणि सुरुवात परदेशातच करायला हवी असंही नाही. पहिला सिनेमा सुरत पॅसेंजरच्या डब्यातही सापडू शकतो.