यात तुमचं काम कुठलं?

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पूर्वा गेल्या गणपतीनंतर सांगलीहून पुण्याला आमच्याकडे आली ती एक भला जाडजूड अल्बम काखोटीला मारून. काळं रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव, आत गुळगुळीत कागदावर छत्तीस फोटो. खर्च पंचेचाळीस हजार रुपये. ते तिच्या बाबांनी निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून दिले होते, आणि देताना एक अट घातली होती. मार्चपर्यंत या मेकअपच्या धंद्यात काही जम बसला नाही, तर मुकाट्यानं बी.एड.ला नाव घालायचं.

पोर्टफोलिओ हा शब्द मी बँकेत छत्तीस वर्षं वापरला, पण तो कर्जांचा. मेकअप करणाऱ्या मुलींचाही पोर्टफोलिओ असतो, त्याखेरीज त्यांना कुणी दारात उभं करत नाही, हे मला पूर्वामुळे कळलं. आपण केलेल्या कामाचे निवडक फोटो, एवढाच त्याचा अर्थ. हा अल्बम घेऊन ती साताऱ्याजवळ एका मालिकेच्या चित्रीकरणावर गेली होती. अलीकडे बऱ्याच मराठी मालिका सातारा, वाई, कोल्हापूर या भागांत चित्रित होतात, त्यामुळे सांगलीच्या मुलीला मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. तिथल्या मुख्य रंगभूषाकारांनी हात पुसून अल्बम घेतला, छत्तीसच्या छत्तीस पानं उलटली, आणि अगदी सभ्यपणे विचारलं, ‘छान आहे. पण यात तुमचं काम कुठलं?’

पूर्वा हे सांगताना हसत होती, पण तिचं नाक लाल झालं होतं.

मी चष्मा लावून अल्बम उघडला. ज्या स्टुडिओनं तो करून दिला त्याचं नाव मी लिहीत नाही. असे स्टुडिओ गावोगाव आहेत. मॉडेल मुली त्यांच्याच, कपडे त्यांचे, दिवे त्यांचे. सगळ्या मुली गोऱ्यापान, आणि फोटो काढल्यावर संगणकावर त्यांची कातडी अशी घोटलेली की संगमरवराची फरशी बरी. छिद्र नाही, लव नाही, डोळ्याखाली सावली नाही. त्या चेहऱ्यावर पूर्वानं तीन तास घालवले होते की तीन मिनिटं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शिवाय विषयांची नुसती खिचडी. दहा पानं नवरीची, आठ फॅशनची, सहा भुताखेतांची आणि जखमांची, चार नृत्याची, उरलेली कसली ते मला समजलं नाही.

मला एकदम माझं कर्जाचं टेबल आठवलं. तालुक्याच्या शाखेत असताना एक गृहस्थ प्रकल्प अहवाल घेऊन आले होते. किराणा दुकान, पिठाची गिरणी, झेरॉक्स, पापड आणि जमलं तर मंडपाचं सामान. अहवाल शहरातून टाईप करून आणलेला, नाव बदलून कुणालाही चालेल असा. त्यात त्यांना स्वतःला काय येतं हे कुठेच नव्हतं. चहा पिताना सहज विचारलं तर कळलं, गिरणी ते बारा वर्षं चालवत होते. जात्याचा आवाज ऐकून दगडाला टाकी कधी लावायची ते सांगत. कर्ज द्यायचं ते त्या कानाला. पण तो कान अहवालात पान सातवर, एका ओळीत दडलेला. माणसं असं का करतात हे मला अजून नीट उमगलेलं नाही. आपल्याला जे सहज येतं ते आपल्याला काम वाटतच नाही, हे त्यातलं एक कारण असावं.

मी पूर्वाला म्हटलं, ‘तुझ्या मोबाइलमध्ये तू रंगवलेल्या माणसांचे जेवढे फोटो आहेत तेवढे सगळे छापून आण. साधे, पोस्टकार्ड आकाराचे.’

एकशे बारा निघाले. जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. आमचे हे चहाचा कप ठेवायला जागा शोधत आले आणि एक फोटो उचलून म्हणाले, ‘या बाईंना मी कुठेतरी पाहिलंय.’ ती पूर्वाची आत्या होती. यांनी तिला एकदाच, तेही आठ वर्षांपूर्वी, माझ्या बहिणीच्या घरच्या वास्तुशांतीला पाहिलं होतं. साठीच्या समारंभासाठी पूर्वानं तिला तयार केलं होतं. चेहरा उजळलेला, पण आत्या आत्याच होती. त्याच टेबलावर एका नवरीचा फोटो होता. तिच्या लग्नात मी स्वतः जेवून आले होते, आणि मला ती ओळखू आली नाही.

मग आम्ही तेच माप लावलं. ज्या बायकांना मी किंवा हे ओळखत होतो, त्यांतल्या ओळखू आल्या त्यांचा एक गठ्ठा, न आलेल्यांचा दुसरा. पहिल्या गठ्ठ्यात जवळजवळ सगळ्या एकतर सावळ्या होत्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या. यात नवल नाही. पूर्वा शिकली ती आईवर, आजीवर आणि आत्यावर. आमच्या घराण्यात गोरं कुणी नाहीच, त्यामुळे बिचारीला सरावाला दुसरा चेहरा कुठून मिळणार?

हे तुला कसं जमतं, असं विचारल्यावर ती जे बोलली ते मी टिपून ठेवलं. सावळ्या चेहऱ्याला फिकट फाउंडेशन फासलं तर तो गोरा होत नाही, राखाडी होतो. आधी डोळ्यांखाली आणि ओठांभोवती नारिंगी झाक असलेला कन्सीलर लावायचा, म्हणजे तिथला निळसर काळेपणा मरतो. फाउंडेशनची शेड गालावर बघायची नाही, जबड्याच्या कडेला बोट ओढून खिडकीच्या उजेडात बघायची. मानेत विरून दिसेनाशी झाली ती आपली. काही सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते फ्लॅशचा उजेड परत फेकतं, म्हणून आरशात ठीक दिसलेली नवरी फोटोत पिठात बुडवल्यासारखी येते. वयस्कर चेहऱ्यावर पावडर जेवढी कमी तेवढं बरं, नाहीतर ती सुरकुतीत जाऊन बसते आणि नसलेलं वयही दाखवते. पापणी ओघळलेली असेल तर डोळा उघडा ठेवूनच रेघ ठरवायची, मिटलेल्या डोळ्यावर काढलेली रेघ उघडल्यावर गडप होते.

‘हे सगळं या काळ्या अल्बममध्ये कुठे आहे?’ मी विचारलं.

‘मावशी, असल्या फोटोंना कुणी विचारत नाही गं,’ ती वैतागून म्हणाली. ‘सावळी मुलगीच येऊन सांगते, ताई, दोन शेड गोरी करा. मी नाही म्हटलं तर ती गल्लीतल्या दुसऱ्या पार्लरमध्ये जाणार. तुला सांगायला काय जातंय?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नसण्याचं कारण माझ्याच कपाटात होतं. १९८४ साली मला स्थळं बघायला लागले तेव्हा आईनं मला स्टुडिओत नेऊन फोटो काढवला होता. आमच्या पिढीच्या मुलींचा पोर्टफोलिओ तो एवढाच. पोस्टकार्ड आकार, चेहरा तीन चतुर्थांश वळलेला, मागे रंगवलेला जिना. फोटोग्राफरनं आधी तोंडाला पॅनकेक थापला आणि नंतर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. फोटो सुरेख आला. तो बघून तीन स्थळं घरी आली, आणि तिन्ही ठिकाणी मुलाच्या आईनं एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. एक बाई तर स्पष्टच म्हणाल्या, ‘फोटोत वेगळी वाटली.’ चौथा फोटो पाठवायला मी साफ नकार दिला. यांनी मला पाहिलं ते बँकेच्या काउंटरवर, ट्यूबलाइटखाली, मार्चअखेरीच्या गर्दीत. त्याहून वाईट उजेड जगात नसेल.

तेव्हा सावळेपणाचं ओझं मला पुस्तकातून समजावून घ्यावं लागलेलं नाही. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ पासून आपल्या बाजारात होती, आणि २०२० साली तिच्या नावातला ‘फेअर’ जाऊन तिथे ‘ग्लो’ आला. डबीवरचं नाव बदललं, पण ‘दोन शेड’ अजून मागितल्या जातातच. मात्र दुसऱ्या बाजूचा पुरावाही आपल्याच मुलखात आहे. नागपूरची मधू सप्रे मैदानावरची खेळाडू, सावळी, धट्टीकट्टी. प्रचलित नाजूकपणात तिनं स्वतःला कोंबलं नाही, आणि तेच अंग, तोच रंग घेऊन १९९२ साली बँकॉकला विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली. देशाची नेता झालीस तर पहिल्यांदा काय करशील, या प्रश्नावर तिनं क्रीडांगण बांधीन असं सांगितलं, आणि या उत्तरानं मुकुट हुकला असं त्यानंतर कितीतरी वर्षं बोललं गेलं. असेलही. जे आपलं आहे ते दाखवलं की दर वेळी पहिला नंबर येतो, असं मी भाचीला सांगितलेलं नाही.

मी तिला दुसरं काहीतरी सांगितलं, ते हिशेबाचं होतं. एका लग्नात नवरी एकच असते. पण मुलीची आई, वरमाई, दोन्हीकडच्या मावश्या, माम्या, आत्या मिळून चाळिशीच्या पुढच्या सात-आठ बायका कुठेही निघतात. त्यांच्याकडे वेळ नसतो, पण हल्ली पैसे असतात, आणि त्यांना गोरं व्हायचं नसतं, दमलेलं दिसायचं नसतं. त्यांच्यासाठी म्हणून अल्बम केलेला कुणी सांगलीत आहे का? पूर्वा बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मालिकेतही सासवाच जास्त असतात.’

इथे एक आठवण द्यायला हवी. आपल्या चित्रपटसृष्टीत बायकांना केशभूषा करायला मुभा होती, पण मेकअप हे पुरुषांचं काम, असा कामगार संघटनेचा दंडक कित्येक दशकं चालला. चारू खुराना आणि इतर काही जणींनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी बेकायदा ठरवली. म्हणजे पूर्वा चौथी-पाचवीत असताना. ज्या दारात ती अल्बम घेऊन उभी राहिली ते दार मुलींसाठी इतकं अलीकडे उघडलं आहे. तिथे दुसऱ्याचा चेहरा घेऊन जाणं मला अधिकच जिवावर आलं.

नव्या अल्बमला फार पैसे लागले नाहीत. गावातला एक होतकरू फोटोग्राफर, ज्यालाही नमुने हवेच होते, आणि बिनपैशानं बसायला तयार असलेल्या ओळखीच्या बायका. तिघांनी एकमेकांचं काम फुकट करायचं आणि फोटो तिघांनी वापरायचे, अशी या धंद्यात रीतच आहे. प्रत्येक चेहऱ्याचे दोन फोटो, मेकअपआधीचा आणि नंतरचा, त्याच खिडकीत, त्याच वेळी. फिल्टर नाही, घोटाई नाही, कातडी दिसली पाहिजे. भुतं आणि जखमा काढून टाकल्या. पूर्वा एका जखमेसाठी फार भांडली. चांगली जखम होती, पण एकच. एकट्या पानानं काय सिद्ध होतं? शेवटी चौदा पानं उरली. दोन पानं कमजोर होती, ती ठेवावीत असं तिला वाटत होतं. बँकेत फाइल बघताना साहेबाचं बोट नेमकं लंगड्या आकड्यावर जातं, असं सांगितल्यावर तीही गेली. बारा राहिली.

मॉडेलिंग करू पाहणाऱ्या मुलामुलींचे पालकही हे वाचत असतील, म्हणून दोन शब्द. नावाजलेल्या एजन्सी आधी मागतात ते मेकअप नसलेले, साध्या कपड्यांतले फोटो. समोरून, बाजूनं आणि उभे. रॅम्पला उंची लागते, ती नसेल तर पंचेचाळीस हजारांनी वाढत नाही. पण जाहिरातींना हात लागतात, हसू लागतं, शेजारच्या घरातली वाटावी अशी आई लागते. आणि काम मिळवून देणारा आपलं कमिशन मिळालेल्या कामातून घेतो. जो आधीच अल्बमचे पैसे मागतो, त्याचा धंदा अल्बमचा आहे.

नव्या अल्बमच्या चौथ्या पानावर मी आहे. आधीच्या फोटोत पासष्टीची, डोळ्यांखाली पिशव्या असलेली बाई, नंतरच्या फोटोत तीच बाई झोप पुरी झालेली. रंग तोच. फोटो छापून आल्यावर मी कपाटातून १९८४चा पोस्टकार्ड काढून शेजारी ठेवला. पूर्वानं तो उजेडात धरला आणि विचारलं, ‘ही कोण?’

बाराच्या बारा पानं घेऊन ती गेल्या महिन्यात पुन्हा साताऱ्याला गेली. त्याच गृहस्थांनी या वेळी अल्बम खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि चौथ्या पानावर थांबून विचारलं, पापणीची रेघ डोळा उघडा ठेवून काढली का? तिनं हो म्हटलं. सासूचं काम करणाऱ्या एका बाईंसाठी आठवडाभर मदतनीस हवी होती, ते काम तिला मिळालं. पुढचं अजून काही नक्की नाही. सांगलीत मात्र दोन वरमायांची आगाऊ रक्कम आली आहे, आणि एक सावळी नवरी येऊन गेली. अल्बम दोनदा चाळून तिनं ‘दोन शेड’ मागितल्याच नाहीत, पण ‘घरी विचारून सांगते’ म्हणाली. तिचा फोन अजून यायचा आहे. बी.एड.चा अर्ज मेहुण्यांनी आणून टेबलावर ठेवलेला आहे, कोराच. मार्चला अजून पाच आठवडे आहेत.