संकेतस्थळाचे काम : पहिल्या बैठकीपासून हस्तांतरणापर्यंत

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी काही जण आज संगणकाच्या क्षेत्रात स्थिरावले आहेत. त्यांतील काहींनी दोघा-तिघांचा गट करून संस्थांना आणि व्यावसायिकांना संकेतस्थळे तयार करून देण्याचे काम हाती घेतले आहे. सांडोरपासून विरारपर्यंतच्या पट्ट्यात या कामाला मागणी आहे. शाळा, दवाखाने, पतसंस्था, फुले व भाजीपाला पाठविणारे बागायतदार, विहारांची विश्वस्त मंडळे, अशा सर्वांनाच आज आपली माहिती इंटरनेटवर असावी असे वाटते. या व्यवसायाला बाजारपेठेत गाळा लागत नाही, पिढीजात गादी लागत नाही. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले. ज्ञानाची दारे ज्यांच्यासाठी शतकानुशतके बंद होती, त्यांच्या नातवंडांच्या दृष्टीने ही घटना लहान नाही.

मात्र दार उघडे असणे आणि आत पाय रोवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा लहान गटांची कामे तंत्राच्या अज्ञानामुळे क्वचितच अडतात. आरंभी नेमके काय ठरले होते याविषयी दोन्ही पक्षांच्या मनात वेगवेगळी चित्रे असतात, म्हणून ती अडतात. काम लांबते, पैसे थकतात, संबंध दुरावतात. हे टाळण्यासाठी काम पहिल्या दिवसापासून कसे चालवावे, याचा विचार या लेखात केला आहे.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला या संदर्भात एका छोट्या समितीचे कामकाज वारंवार आठवते. ती म्हणजे २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेली सात सदस्यांची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समिती. संविधानाची थोरवी आणि एखाद्या संकेतस्थळाचे काम यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु मोजक्या माणसांनी, ठरलेल्या मुदतीत, अनेकांच्या अपेक्षा सांभाळत काम कसे तडीस न्यावे, याचा इतका तपशीलवार नोंदलेला दाखला आपल्याजवळ दुसरा नाही.

आधी उद्दिष्ट

संविधान सभेने कलमे लिहिण्यास आरंभ करण्यापूर्वी उद्दिष्टांचा ठराव चर्चेस घेतला. १३ डिसेंबर १९४६ रोजी तो मांडला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. कशासाठी लिहायचे हे ठरल्यावर काय लिहायचे याकडे वळावे, हा क्रम आपणही पाळावा.

समजा, वसईतील एका वसतिगृहाचे विश्वस्त आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाला म्हणतात, “आम्हाला एक चांगली वेबसाइट करून द्या.” या वाक्यातील ‘चांगली’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक विश्वस्ताच्या मनात निराळा असतो. एकाला देणगीदार हवे असतात, दुसऱ्याला प्रवेश-अर्ज घरबसल्या भरले जावेत असे वाटते, तिसऱ्याला संस्थापकांचे कार्य जगापुढे यावे असे वाटते. म्हणून पहिल्या बैठकीत रंग आणि चित्रे यांची चर्चा करूच नये. हे संकेतस्थळ कोण उघडणार, कशासाठी उघडणार आणि पाहून झाल्यावर त्याने काय करावे अशी अपेक्षा आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे चार-पाच वाक्यांत लिहून संस्थेला वाचून दाखवावीत आणि त्यावर सर्वांची संमती घ्यावी. पुढे मतभेद झाला की या वाक्यांकडे परत जाता येते.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवावी. संस्थेच्या वतीने अंतिम शब्द कोणाचा? विश्वस्त सात असोत वा अकरा, गटाशी बोलणारी व्यक्ती एकच असावी. तिने इतरांची मते गोळा करून एकमुखाने कळवावीत. गटाच्या बाजूनेही बोलणारा एकच असावा. अध्यक्षांनी दूरध्वनीवरून एक सांगावे आणि सचिवांनी व्हॉट्सॲपवर दुसरे, असे झाले की कामाचा तोल जातो.

लेखी करार आणि श्रमाचे मोल

आपल्या माणसांत लिहून काय घ्यायचे, ही भावना मोठी घातक आहे. लिहून घेणे हा अविश्वास नव्हे, स्मरणशक्तीला दिलेला आधार आहे. दोन पानांचा करारनामा पुरतो. त्यात पाने किती, भाषा कोणत्या, मजकूर कोण देणार, छायाचित्रे कोण देणार, किती वेळा बदल करून मिळतील, मुदत कोणती आणि मोबदला किती, हे असावे. कामात काय अंतर्भूत नाही, हेही तितकेच स्पष्ट लिहावे. प्रवेश-अर्जाचे पान ठरले असेल, पण शुल्क ऑनलाइन भरण्याची सोय ठरली नसेल, तर तसे नमूद करावे.

मोबदला टप्प्यांनी घ्यावा. उदाहरणार्थ, आरंभी ४० टक्के, मांडणी मंजूर झाल्यावर ३० टक्के आणि हस्तांतरणाच्या वेळी ३० टक्के. मोबदला ठरवताना प्रत्येक भागाला लागणारे तास आधी मोजावेत. बैठका, प्रवास, मजकुराचे मुद्रितशोधन आणि चाचणी यांचे तास नवखा गट हमखास विसरतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. समाजाचे काम आहे, पैसे कसले मागता, असे आपल्याच तरुणांना पुष्कळदा ऐकावे लागते. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी गावकीची कामे बिनमोबदला केली, त्या समाजाने आपल्या मुलांकडून पुन्हा तीच अपेक्षा करावी, हे योग्य नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याची तरतूद कारखाने कायद्यात १९४६ साली झाली. श्रमाला मोजमाप असते, हा त्यातील विचार होय. गटाला सवलत द्यावयाची असेल तर ती अवश्य द्यावी. परंतु पूर्ण रक्कम लिहून, सवलत वेगळी दाखवून द्यावी. म्हणजे कामाचे मोल सर्वांना कळते आणि दिलेल्या दानाचेही.

मजकूर आधी, अलंकार नंतर

संविधानाची मूळ प्रत आपण चित्रांत पाहिली आहे. तिचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले आणि पानांची सजावट नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनमधील सहकाऱ्यांनी केली. मजकुराला रूप मिळाले ते शब्दाशब्दावर वाद होऊन मजकूर पक्का झाल्यानंतर. संकेतस्थळाच्या कामात नेमके उलटे घडते. सुंदर नमुना तयार होतो, सर्वांना आवडतो आणि मग मजकुराची महिनोन्महिने वाट पाहिली जाते. म्हणून मजकूर हाती येईपर्यंत अंतिम मांडणीला हात लावू नये आणि मजकूर उशिरा आल्यास मुदतही तितकीच पुढे जाईल, असे करारात लिहावे.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. आपल्या संस्थांचे जुने अहवाल आणि स्मरणिका श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. तो मजकूर संकेतस्थळावर जसाच्या तसा ठेवला तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो आणि रूपांतर झाल्यावरही जोडाक्षरे, रफार, अवतरणचिन्हे डोळ्यांनी तपासावी लागतात. हे काम दिवसांचे असते, तासांचे नव्हे. काही जण त्यावर उपाय म्हणून पानांची छायाचित्रेच लावतात. तसे करू नये. चित्रातील अक्षरे शोधयंत्राला सहज सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकाच्या वाचक-प्रणालीला नीट वाचता येत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांबाबत तर विशेष दक्षता हवी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे. मुलाचे नाव, इयत्ता, गाव आणि छायाचित्र एकत्र प्रसिद्ध करणे टाळावे.

वाचक पाहून मजकुराचे रूप बदलावे लागते, हे आपल्या परिसराला नवे नाही. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपारा येथे १८८२ साली मिळाला, तर नवव्याचा तुकडा वसई तालुक्यातीलच भुईगाव येथे १९५६ साली. तोच धम्मसंदेश वायव्येकडे खरोष्ठी लिपीत आणि कंदाहार येथे ग्रीक व अरामाईक भाषांत कोरलेला आहे. गिरनारच्या चौदाव्या लेखात तर अशोकाने स्वतःच सांगितले आहे की हे लेख कोठे संक्षिप्त, कोठे मध्यम, तर कोठे विस्तृत आहेत आणि काही ठिकाणी लेखनिकाच्या चुकीने ते अपुरे राहिले असतील. मोबाइलच्या लहान पडद्यासाठी संक्षिप्त, संगणकासाठी विस्तृत आणि प्रत्येक ठिकाणी लेखनिकाच्या चुका तपासण्याची व्यवस्था, हेच आजच्या मांडणीकारालाही करावे लागते.

मसुदा, सूचना, दुरुस्त्या

संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी तो सभेपुढे मांडला. मधल्या काळात लोकांना त्यावर मते कळविता आली. पुढे सभेत ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. काही स्वीकारल्या, काही कारणे देऊन नाकारल्या. सूचनांचा असा हिशेब ठेवला गेला, म्हणूनच काम पूर्णत्वास गेले.

आपल्या गटानेही एक साधी दुरुस्ती-वही ठेवावी. सूचना कोणत्या तारखेला आली, कोणी केली, ती मूळ करारात बसते की नवी आहे, तिला किती वेळ लागेल आणि काय निर्णय झाला, एवढे रकाने पुरेत. प्रथम केवळ रेषांचा आराखडा दाखवावा, त्याला लेखी मंजुरी मिळाल्यावर रंगरूपाचा नमुना दाखवावा आणि तो मान्य झाल्यावरच प्रत्यक्ष बांधणी सुरू करावी. सूचना देण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर ठरावीक दिवस द्यावेत. नवी सूचना आल्यास नकार देण्याची गरज नाही. तिला किती जादा दिवस आणि किती जादा रक्कम लागेल, हे नम्रपणे कळवावे. निम्म्या सूचना तेथेच गळून पडतात आणि उरतात त्या खरोखर गरजेच्या असतात.

लहान गटाची मर्यादा

५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत मसुदा समितीची स्थिती सांगितली. एका सदस्याने राजीनामा दिला होता, एकाचे निधन झाले होते, एक परदेशी होते, एक संस्थानांच्या कामात गुंतले होते, तर एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर होते. अखेर मसुद्याचा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला. तो भार पेलणारी विद्वत्ता व निष्ठा विरळाच; ती गृहीत धरून कोणत्याही गटाने नियोजन करू नये.

तिघांच्या गटात एकाला नोकरी लागते, एकीचे लग्न ठरते, एकाची परीक्षा येते. म्हणून कोणाचेही काम केवळ त्याच्या डोक्यात किंवा त्याच्याच संगणकावर राहता कामा नये. सांकेतिक लेखन गिटसारख्या प्रणालीत सामाईक ठेवावे आणि प्रत्येक बैठकीचे निर्णय त्याच दिवशी लिहून सर्वांना पाठवावेत. मांडणी, बांधणी आणि ग्राहकाशी संपर्क ही तीन कामे नावानिशी वाटून घ्यावीत. मात्र प्रत्येक कामाला दुसरा एक जाणकार असावा. वेळापत्रकात सुमारे एक पंचमांश काळ मोकळा ठेवावा. वसईच्या पावसाळ्यात वीज आणि रेल्वे यांच्या भरवशावर मुदती देऊ नयेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

श्रेयाचे वाटपही स्पष्ट असावे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सर बी. एन. राव यांच्या आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्या कामाचा नावानिशी गौरव केला. गटप्रमुखाने एवढे शिकले तरी गट टिकतो.

चाचणी आणि हस्तांतरण

काम पूर्ण झाले असे वाटले की ते संस्थेच्या कार्यालयातील जुन्या संगणकावर, स्वस्त मोबाइलवर आणि मंद नेटवर्कवर उघडून पाहावे. छायाचित्रे जड असतील तर हलकी करावीत. एखाद्या पालकाच्या हाती फोन देऊन, ‘प्रवेशाची तारीख शोधून दाखवा’, एवढेच सांगावे आणि स्वतः गप्प बसावे. ते कोठे अडखळतात, ती जागा दुरुस्त करावी.

त्यानंतरचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, हे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदले जाते आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. ही नोंद संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ई-मेलवरच असावी. ती एखाद्या तरुणाच्या वैयक्तिक खात्यावर असेल आणि तो पुढे परगावी गेला, तर मुदत संपताच संकेतस्थळ नाहीसे होते. त्यासोबत संस्थेची छायाचित्रे, अहवाल आणि नोंदी जातात. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, त्याला आपल्या हाताने केलेली नोंद अशा निष्काळजीपणामुळे गमावणे परवडणारे नाही.

म्हणून अखेरचा हप्ता घेताना गटाने संस्थेला एक पाकीट द्यावे. त्यात डोमेन व होस्टिंग यांची खाती, नूतनीकरणाच्या तारखा, संपूर्ण प्रत साठवलेली डिस्क, मजकूर बदलण्याची मराठीतील दोन पानी कृती आणि देखभालीचा स्वतंत्र करार असावा. संस्थेतील दोन कर्मचाऱ्यांना समोर बसवून एक सूचना स्वतः टाकायला लावावी. त्यांनी ती टाकली म्हणजे हस्तांतरण झाले असे समजावे.

आपल्यापैकी जे विश्वस्त, मुख्याध्यापक वा मंडळांचे पदाधिकारी आहेत, त्यांनी आपल्या संस्थेचे डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, हे या आठवड्यातच पाहून घ्यावे. नव्या कामासाठी आपल्याच शाळेचे विद्यार्थी समोर बसतील तेव्हा त्यांनी पुढे केलेली दोन पाने वाचून, शंका विचारून, त्यांवर सही करावी. आणि जे विद्यार्थी हा व्यवसाय करू इच्छितात, त्यांनी ती दोन पाने पुढे करण्यास संकोचू नये.