यकृतातली चरबी आकड्यात

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ ही ओळ आता इतकी सवयीची झाली आहे, की अनेक घरांत ती वाचून रिपोर्ट सरळ फायलीत जातो. काही घरांत मात्र त्याच ओळीने झोप उडते. दोन्हींचं कारण एकच. यकृतात चरबी आहे एवढं ती ओळ सांगते. पण किती आहे, वाढते आहे की उतरते आहे आणि तिने यकृताला इजा केली आहे का, हे सांगत नाही. गेल्या पंधरा-एक वर्षांत श्राव्यातीत ध्वनीवर चालणाऱ्या यंत्रांनी या प्रश्नांची उत्तरं आकड्यात द्यायला सुरुवात केली आहे. ते आकडे कसे येतात आणि कसे वाचायचे, हे मधुमेह घरोघरी पोचलेल्या आपल्या समाजाला माहीत असायला हवं.

यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसले, की वैद्यक त्याला फॅटी लिव्हर म्हणतं. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. अंगकाठीवरून त्याचा अंदाज बांधावा, तर तोही फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कशी लपून राहते, हे त्या दोन आकड्यांनी जगाला दाखवलं. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो. तिथे फॅटी लिव्हर आढळलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. म्हणून आपल्याकडे नजरेवर विसंबून चालत नाही, मोजावं लागतं.

थेंब दिसत नाही, परिणाम दिसतो

माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावर ठेवलेला प्रोब सेकंदाला साधारण ३५ लाख कंपनांची लहर आत सोडतो. शरीरात तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी भरते. पेशीतला चरबीचा थेंब त्याहून कितीतरी पट लहान, म्हणून सोनोग्राफीला सुटा थेंब कधीच दिसत नाही. मात्र असे कोट्यवधी थेंब मिळून लहरीवर तीन परिणाम करतात.

पहिला, लहर जास्त विखुरते आणि प्रोबकडे जास्त प्रतिध्वनी परततात. त्यामुळे पडद्यावर यकृत उजळ दिसतं. दुसरा, खोल जाता जाता लहर लवकर क्षीण होते. घाटातल्या दाट धुक्यात गाडीच्या दिव्याचं होतं तेच इथे घडतं: जवळचं सगळं पांढरंफटक आणि पुढचा रस्ता दिसेनासा. तिसरा परिणाम वेगाचा. शरीरातला आवाज सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो, असं सोनोग्राफी यंत्र धरून चालतं. चरबीत हा वेग १४५० मीटरच्या आसपास येतो.

नेहमीच्या सोनोग्राफीत रेडिऑलॉजिस्ट यकृताची उजळी शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी ताडून पाहतात. यकृत किंचित उजळ असेल तर ग्रेड वन, रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर टू, खोलवरचं श्वासपटल दिसेनासं झालं तर थ्री. ही पद्धत स्वस्त आहे आणि गावोगावी पोचलेली आहे. पण तो डोळ्यांचा अंदाज असतो. यंत्राची सेटिंग बदलली की उजळी बदलते, आणि मूत्रपिंडच आजारी असेल तर तुलनेचा आधारच जातो. शिवाय चरबी वीस-तीस टक्क्यांच्या खाली असली, तर ती या नजरेतून बऱ्याचदा निसटते. म्हणजे जिथे उलट फिरणं सगळ्यात सोपं, नेमकी तीच अवस्था हातची जाते.

क्षीणतेचं मोजमाप

फ्रान्सच्या एकोसेन्स कंपनीच्या फायब्रोस्कॅन यंत्रासाठी २०१० साली ‘कॅप’ ही मोजणी मांडली गेली. लहर दर मीटरला किती डेसिबल क्षीण झाली, हे ती १०० ते ४०० या पट्टीवर सांगते. रुग्ण उताणा झोपतो, उजवा हात डोक्यामागे घेतो आणि प्रोब दोन बरगड्यांमध्ये टेकवला जातो. किमान दहा वेळा मोजून मधला आकडा घेतात. सुईने बायोप्सी घेतली, तर यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग हाती लागतो. इथे त्याहून शंभर पट मोठा भाग तपासला जातो, तोही टोचल्याशिवाय.

या आकड्याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. अडीच हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून २०१७ साली सीमारेषा काढल्या गेल्या: सौम्य चरबीसाठी २४८, मध्यमसाठी २६८ आणि तीव्रसाठी २८०. त्या एकमेकींच्या किती जवळ आहेत पाहा. चरबी आहे की नाही, हे कॅप बऱ्यापैकी सांगतं. पायऱ्या वेगळ्या करताना मात्र ते अडखळतं. वजन आणि मधुमेह यांचाही आकड्यावर परिणाम होतो. चरबीची खरी टक्केवारी एमआरआयवर अधिक अचूक कळते, पण तो खर्च प्रत्येकाला पेलणारा नाही. म्हणून नव्या सोनोग्राफी यंत्रांत क्षीणता, विखुरणं आणि वेग यांचा वापर करून एमआरआयच्या जवळ जाणारा आकडा काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असल्याने एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्यावरच्या आकड्याशी ताडू नये. पुन्हा तपासायचं तर शक्यतो त्याच यंत्रावर आणि किमान तीन तास पोट रिकामं ठेवून.

चरबीपेक्षा कडकपणा महत्त्वाचा

फायब्रोस्कॅन आणखी एक गोष्ट मोजतं आणि जिवाच्या दृष्टीने तीच जास्त मोलाची आहे. प्रोब बरगडीपाशी हलका ठोका देतो. त्यातून निघालेली मंद लहर यकृतातून जितकी वेगाने पुढे सरकेल, तितकं यकृत कडक. हा कडकपणा म्हणजे आत साचत गेलेल्या व्रणांची खूण. यकृताच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका चरबी किती यावर कमी आणि व्रण किती यावर जास्त ठरतो, हे दीर्घकाळच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली असेल, तर गंभीर व्रणांची शक्यता कमी. म्हणजे कॅप ३२० आणि कडकपणा ५ असलेल्या माणसाने घाबरून जायचं नाही, पण कामाला लागायचं. कॅप २५० आणि कडकपणा १४ असेल, तर मात्र यकृततज्ज्ञांकडे जायला उशीर नको.

कामाला लागणं म्हणजे काय, याचं उत्तर सुदैवाने ठोस आहे. वजन ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्के उतरलं की दाहही ओसरू शकतो. ७० किलोच्या माणसासाठी पहिली पायरी साडेतीन किलोची आहे. सहा महिन्यांनी तोच प्रोब पुन्हा टेकवला आणि २९० चा आकडा २४० वर आलेला दिसला, तर चालण्याचं आणि ताटातली साखर-मैदा कमी केल्याचं फळ माणसाला डोळ्यांनी दिसतं. ‘ग्रेड वन’ला हे दाखवता येत नाही. मोजणीचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. आता मोजणी तालुक्यापर्यंत जायला हवी. त्यासाठी प्रत्येक गावात महागडं यंत्र लागत नाही. वय, प्लेटलेट आणि यकृताची दोन एन्झाइम यांवरून काढला जाणारा ‘फिब-४’ हा आकडा साध्या रक्ततपासणीतून मिळतो. तो १.३ च्या खाली असलेल्या बहुतेकांना पुढच्या तपासणीची घाई नसते; वर असलेल्यांना कडकपणा मोजायला पाठवायचं. मधुमेहाच्या रुग्णाचे डोळे, पाय आणि मूत्रपिंडं आपण दरवर्षी तपासायला शिकलो. त्या यादीत यकृताचं नाव लिहायला आता कोणतीच अडचण उरलेली नाही.