धर्मादा खाते : दान कोणाचे, दायित्व कोणाचे?

आपल्या पेढ्यांच्या जुन्या वह्या चाळल्या, तर घेणे-देण्याच्या नोंदींमध्ये एक खाते हमखास आढळते : ‘श्री धर्मादा खाते’. कोणी त्याच्या जोडीला ‘जीवदया खाते’ निराळे ठेवी. गोणीमागे काही पैसे, गाठीमागे काही आणे, शेकड्यामागे ठरलेली रक्कम या खात्यात जमा होई आणि पांजरापोळ, पाठशाळा, पाणपोई, औषधालय अशा कार्यांकडे वळती होई. आज वहीची जागा संगणकाने घेतली आहे. पेढीवर बसणारी नवी पिढी दुकानाच्या फलकावर ‘प्रत्येक खरेदीमागे पाच रुपये सत्कार्यासाठी’ असे लिहू लागली आहे. कल्पना नवी भासते. वस्तुतः ती आजोबा-पणजोबांचीच आहे. म्हणूनच तिचे सामर्थ्य आणि तिच्यातील धोके, दोन्ही आपण जाणून घेतले पाहिजेत.

थेंबाथेंबाचे सामर्थ्य

मुंबईची पांजरापोळ हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. १८३२ साली इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा आदेश दिला, तेव्हा मुंबईत मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरापोळ उभी राहिली. एक पारशी, एक जैन. परंतु जीवदयेच्या कार्यात दोघांचा हात एक झाला. अशा संस्था केवळ एका धनवंताच्या देणगीवर दीर्घकाळ तगत नाहीत. जनावरांना चारा रोज लागतो. देणगीदाराचा उत्साह मात्र रोज सारखा नसतो. व्यापारी महाजनांनी आपापल्या मालावर ‘लागा’ ठरवून घेतला, त्यामुळे व्यापार चालेल तोवर चाराही येत राहील अशी तजवीज झाली. विक्रीशी दान जोडण्याचे खरे मर्म हेच आहे : मनाच्या लहरीवर अवलंबून असणारी गोष्ट व्यवहाराच्या शिस्तीत बसते.

शेतकऱ्याच्या पट्टीतील कपात

याच पद्धतीची दुसरी बाजूही प्रांजळपणे पाहिली पाहिजे. नियंत्रित बाजारपेठा येण्यापूर्वी शेतकरी माल घेऊन अडतीवर येई, तेव्हा त्याच्या पट्टीतून तोलाई, हमाली, कडता यांबरोबर धर्मादायही कापला जाई. पैसा शेतकऱ्याचा, नाव पेढीचे आणि ‘नको’ म्हणण्याची सोय कोणालाच नाही. अशा कपातींना आळा घालणे हा बाजार समित्यांच्या कायद्यांमागील एक हेतू होता.

ज्याला नाकारता येत नाही, त्याच्याकडून घेतलेल्या पैशाला दान म्हणावे काय? आपल्या आचारात अदत्त वस्तूचे ग्रहण वर्ज्य मानले आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत ‘न्यायसंपन्न विभव’ हा गुण अग्रस्थानी आहे. आधी न्यायाने मिळवणे, मग देणे, हा क्रम उलटून चालत नाही. मापात मारलेला पैसा गोशाळेत दिल्याने माप पुरे होत नाही.

कायदा काय म्हणतो?

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दुकानदार स्वतःच्या नफ्यातून देतो, ते त्याचे दान. परंतु बिलात ‘धर्मादा’ अशी वेगळी ओळ घालून ग्राहकाकडून रक्कम घेतली, तर ती रक्कम दुकानदाराची नव्हेच.

महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ५४ याच विषयाला वाहिलेले आहे. व्यापाराच्या रूढीने अथवा उभयपक्षी ठरावाने धर्मकार्यासाठी किंवा लोकोपकारासाठी कोणत्याही नावाखाली रक्कम घेतली, की ती घेणारा त्या रकमेचा विश्वस्त ठरतो. हिशेबाचे वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावा लागतो. आपल्यापैकी किती पेढ्यांना हे कलम ठाऊक आहे, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

सर्वोच्च न्यायालयानेही हाच विचार उचलून धरला आहे. १९७९ मध्ये हाथरसच्या एका सूतगिरणीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की ग्राहकांकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम प्रथमपासूनच लोकोपकारासाठी बांधलेली असल्याने ते व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. पुढे २०१९ मध्ये नाशिक विभागातील एका पेढीच्या अबकारी कराच्या प्रकरणात, ग्राहकाने स्वेच्छेने दिलेला धर्मादा हा मालाच्या किमतीचा भाग नाही, असा निर्वाळा दिला. या निर्णयांनी व्यापाऱ्यास सवलत मिळाली, तसे दायित्वही आले. जी रक्कम आपले उत्पन्न नाही म्हणून करातून सुटते, ती आपल्या धंद्यात फिरवण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.

विक्रीवर की नफ्यावर?

स्वतःच्या पदरचे द्यावयाचे असेल, तर हिशेब विक्रीवर धरावा की नफ्यावर? एक साधे गणित मांडू. एखाद्या दुकानाची वार्षिक विक्री ४० लाख रुपये आहे आणि सर्व खर्च वजा जाता शेकडा ५ नफा उरतो, म्हणजे २ लाख. विक्रीच्या शेकडा १ दान ठरवले, तर ४० हजार रुपये होतात. ऐकताना ‘एक टक्का’ किरकोळ वाटतो, पण तो नफ्याचा पाचवा हिस्सा आहे. धान्याच्या घाऊक व्यापारात शेकडा २ सुटत असतील, तर तोच एक टक्का अर्धा नफा घेऊन जातो. मंदीच्या वर्षी तर दान भांडवलातून जाऊ लागते आणि मग संकल्प मध्येच मोडतो.

मोठ्या कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाची रक्कम ठरवली, ती मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के, विक्रीच्या नव्हे. लहान दुकानास तो कायदा लागू नाही, तरी त्यातील विवेक घेण्यासारखा आहे. विक्रीवरच संकल्प करावयाचा असेल, तर सगळ्या मालावर न करता एखाद्या वस्तूवर किंवा एखाद्या दिवसाच्या विक्रीवर करावा, उदाहरणार्थ पर्युषणाचे दिवस किंवा महावीर जन्मकल्याणक. लहान व्रत अखंड पाळणे, हे मोठे व्रत मोडण्यापेक्षा श्रेयस्कर.

फलकावरील शब्द म्हणजे बोली

मंदिरात चढाव्याची बोली बोलली, की ती रक्कम त्या क्षणापासून आपली राहत नाही, आणि ती विनाविलंब भरावी, हे आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असते. दुकानाच्या फलकावर ‘प्रत्येक खरेदीमागे पाच रुपये’ असे लिहिणे, ही ग्राहकांसमोर बोललेली बोलीच आहे. ग्राहक आपल्या शब्दावर विश्वासून खरेदी करतो. म्हणून काही पथ्ये पाळावीत.

रक्कम कोणत्या संस्थेस आणि कोणत्या कार्यासाठी जाणार, हे स्पष्ट लिहावे. ‘सत्कार्यासाठी’ एवढेच मोघम लिहू नये. ग्राहकाकडून वेगळी रक्कम घ्यावयाची असेल, तर बिल करण्यापूर्वी त्यास विचारावे आणि नकार हसतमुखाने स्वीकारावा. या पैशासाठी बँकेत निराळे खाते ठेवावे आणि दर महिन्यास त्यात भरणा करावा. वर्षाअखेरपर्यंत थांबलेला पैसा अडीअडचणीत वापरला जातो, हा सर्वांचा अनुभव आहे. जीवदयेसाठी घेतलेली रक्कम जीवदयेलाच जावी. वर्ष संपल्यावर एकूण जमा रक्कम आणि संस्थेची पावती दुकानात दर्शनी लावावी.

करातील वजावटीविषयीही गैरसमज नसावा. ‘८० जी’ची मान्यता असलेल्या संस्थेस स्वतःच्या उत्पन्नातून दिलेल्या देणगीचाच विचार होतो, २,००० रुपयांवरील रोख देणगीस वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यास तीही मिळत नाही. ग्राहकांचा धर्मादा आपल्या नावे दाखवून वजावट मागणे तर सरळ असत्य ठरेल.

यावर कोणी विचारील, ‘एवढे नियम पाळण्यापेक्षा गुप्तदान काय वाईट?’ काहीच वाईट नाही. जे आपले आहे, ते गुप्तपणे द्यावे. परंतु ज्यात दुसऱ्याचा रुपया मिसळला आहे, त्याचा हिशेब उघडाच असला पाहिजे. येत्या दिवाळीत चोपडापूजन करताना आपल्या धर्मादा खात्याची जमा-खर्चाची बाजू ताडून पाहावी. शिल्लक निघाली, तर नव्या वर्षाची पहिली नोंद करण्यापूर्वी ती ज्याची त्यास पोहोचती करावी.