ग्रंथपालाचें प्रवासभाडें

वाचनालयांचे वार्षिक अहवाल वाचण्याची हौस फारशी कोणास नसते. आम्हांस ती वकिलीच्या धंद्यामुळें लागली आहे. जमाखर्चाचें पान आधीं, अध्यक्षांचें मनोगत मागाहून, असा आमचा क्रम असतो. जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांतील लहानमोठ्या वाचनालयांचे जे कांहीं अहवाल आमच्या हातीं आले, त्यांत ग्रंथखरेदी होती, नियतकालिकें होतीं, वीज, पुस्तकबांधणी, रंगकाम, व्याख्यानमाला, पाहुण्यांचे हारनारळ, सर्व कांहीं होतें. एक बाब मात्र आम्हांस एकाहि पानावर आढळली नाहीं. ग्रंथपालास, किंवा त्याच्या हाताखालच्या मनुष्यास, चार गोष्टी शिकून येण्याकरितां बाहेरगांवीं पाठविलें व त्याचें भाडें संस्थेनें दिलें, असा एक रुपयाहि कोठें खर्चीं पडलेला नव्हता.

जळगांवच्या सराफबाजारांत सोन्याचा कस पाहणारा मनुष्य कोणी रस्त्यावरून धरून आणून पेढीवर बसवीत नाहीं. धुळ्याच्या कापूसव्यापाऱ्यास ठाऊक असतें कीं, धाग्याची लांबी नुसत्या बोटांनीं ओळखणारा एक जाणता मनुष्य जिनाच्या फाटकाशीं असला, तर हंगामाच्या अखेरीस हिशेबांत फरक दिसतो. २०१७ सालीं जीएसटीचा कायदा आला, तेव्हां मुनिमांस व दिवाणजींस नवी पद्धति समजावी म्हणून याच व्यापाऱ्यांनीं वर्ग भरविले, माणसें मुंबईपर्यंत धाडलीं, व तो खर्च बिनतक्रार सोसला. तेच गृहस्थ वाचनालयाच्या कार्यकारी मंडळांत येऊन बसले कीं ग्रंथपालाच्या शिक्षणाचा खर्च त्यांस चैन वाटूं लागतो. पेढीवरची व्यवहारबुद्धि वाचनालयाच्या दारांत चपलांबरोबर कां काढून ठेवावी, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

कारण शोधूं गेल्यास तें एका गैरसमजांत सांपडतें. ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या संभाळणारा, पुस्तक देणारा व घेणारा मनुष्य, अशी आपल्याकडे समजूत आहे. एवढ्याच कामास शिक्षण कशाला, असें ज्यास वाटतें त्यास आम्ही आमच्यावरच गुदरलेला एक प्रसंग सांगतों. कांहीं वर्षांमागें एका जमिनीच्या दाव्यांत आम्हांस एका जुन्या वर्तमानपत्राचा अंक पाहिजे होता. तो एका वाचनालयांत आहे अशी पक्की खबर होती. वाचनालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. नोंदवहींत त्या फाइलींचा उल्लेख नव्हता. तिसऱ्या दिवशीं माळ्यावरच्या पोत्यांतून ती फाइल निघाली. हवें तें पानहि निघालें. पण तें मध्यें फाटल्यामुळें कोणीं तरी चकचकीत चिकटपट्टी लावून जोडलेलें होतें. पट्टीचा चीक काळानें तपकिरी होऊन कागदांत मुरला होता, व पट्टी उचलतांच अक्षरें तिच्याबरोबर निघून आलीं. नेमक्या त्याच चार ओळी आम्हांस हव्या होत्या.

हें काम करणारा मनुष्य आळशी नव्हता. चौकशी करतां समजलें कीं, त्यानें ती पट्टी पदरच्या पैशानें आणिली होती व सबंध फाइल अशीच प्रेमानें जोडून काढिली होती. जुन्या कागदास गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ व विरळ कागद लावावा, चिकटपट्टी कधींहि लावूं नये, ही गोष्ट शिकवावयास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास त्याच्या वीस वर्षांच्या नोकरींत त्यास कोणीं दिला नाहीं. त्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्या मंडळानें त्या वीस वर्षांत वीस व्याख्यानमाला भरविल्या, त्यास देतों.

ग्रंथपालास शिकवावें हा विचार नवा नाहीं, व दूरचाहि नाहीं. धुळ्याच्या शेजारच्या मालेगांव तालुक्यांत कवळाणें नांवाचें खेडें आहे. तेथील गायकवाड घराण्यांतला एक मुलगा १८७५ सालीं दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्या सयाजीराव महाराजांनीं आपल्या संस्थानांत गांवोगांव मोफत वाचनालयें काढावयाचें मनांत आणिलें, तेव्हां इमारतींची वाट पाहिली नाहीं. १९१० सालीं त्यांनीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविलें, आणि १९११ सालीं बडोद्यास ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. बॉर्डनसाहेब तीन वर्षांनीं परत गेले. काम थांबलें नाहीं, कारण तें पुढें चालविणारीं माणसें येथेंच तयार झालीं होतीं. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं तो कारभार हातीं घेतला. ग्रंथालयविषयक जें नियतकालिक बडोद्याहून १९१२ पासून निघूं लागलें, त्यांत इंग्रजी व गुजराती मजकुराबरोबर मराठी मजकूरहि असे. परक्याचें शिकावें व आपल्या भाषेंत तें आपल्या माणसांस द्यावें, हा धडा त्या संस्थानानें शंभर वर्षांपूर्वीं घालून दिला. त्याच्या सरहद्दीला लागून असलेल्या खानदेशानें तो किती गिरविला, हें वाचकांनींच पाहावें.

दुसरें उदाहरण मद्रासचें. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठानें गणिताचे एक अध्यापक ग्रंथपाल म्हणून नेमिले. या विषयाचें त्यांस कांहीं शिक्षण नव्हतें. पहिल्या कांहीं दिवसांतच ते त्या निवांत खोलीस इतके कंटाळले कीं, आपणांस पुन्हां वर्गावर घ्यावें अशी विनंति घेऊन ते जुन्या महाविद्यालयांत गेले. आधीं विलायतेस जाऊन या, मग काय तें ठरवूं, असें त्यांस सांगण्यांत आलें. ते लंडनला गेले, तेथें शिकले, इंग्लंडांतील ग्रंथालयें हिंडून पाहिलीं, आणि परत आले ते गणित विसरूनच. हे शियाळी रामामृत रंगनाथन्. १९२८ सालीं त्यांनीं मद्रास ग्रंथालय संघ काढला, १९२९ सालीं शिक्षणाचा वर्ग काढला, १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडिले, १९३३ सालीं स्वतःची वर्गीकरणपद्धति छापिली. आणि स्वतंत्र हिंदुस्थानांतला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा मद्रासेंत १९४८ सालीं झाला तो त्यांच्याच खटपटीचें फळ होय. त्यांची जन्मतिथि, १२ ऑगस्ट, आज देशभर ग्रंथपालदिन म्हणून पाळतात. आमच्याकडेहि त्या दिवशीं तसबिरीस हार पडतो. या मोठ्या चरित्राच्या मुळाशीं एका विद्यापीठानें आपल्या ग्रंथपालाला शिकावयास धाडण्याचा घेतलेला निर्णय आहे, हें हार घालणाऱ्यांच्या ध्यानांत येतें कीं नाहीं, देव जाणे.

आतां आजची स्थिति पाहूं. संधि नाहींत असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें राज्याचें ग्रंथालय संचालनालय उभें राहिलें. जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत प्रमाणपत्र परीक्षेचे वर्ग चालतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठांतून घरीं राहून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतां येते. राज्य संघाचीं व जिल्हा संघांचीं अधिवेशनें भरतात. कलकत्त्यास १९७२ सालीं स्थापन झालेलें राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान परिसंवाद व शिक्षणवर्गांस साहाय्य देतें. संगणकावर ग्रंथसूचि करण्याचीं साधनेंहि आतां फुकट मिळतात. कोहा नांवाचें साधन न्यूझीलंडमध्यें तयार झालें व तें कोणासहि मोफत घेतां येतें. दार उघडें आहे. पण त्या दारापर्यंत जाण्याचें भाडें कोणीं द्यावयाचें?

येथें आंकड्यांकडे पाहिल्याविना चालणार नाहीं. २०२२ सालीं राज्य सरकारनें सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानांत साठ टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचें वार्षिक अनुदान ३०,००० चें ४८,००० रुपये झालें. त्यांतील निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे वर्षास २४,००० व महिन्यास २,००० रुपये. वाढ झाल्यानंतरचा हा आंकडा आहे. खेड्यांतला ग्रंथपाल सकाळीं दुसरें कांहीं काम करितो व सायंकाळीं वाचनालय उघडतो, त्याचें कारण यांत आहे. अशा मनुष्यास पुण्याच्या तीन दिवसांच्या वर्गाचें निमंत्रण आलें, तर त्यास गाडीभाडें लागतें, जेवणखाण लागतें, आणि सकाळच्या कामाचा तीन दिवसांचा रोज बुडतो. महिन्याचा पगार एका प्रवासांत संपतो. मग मंडळाचे चिटणीस सांगतात, आमच्या ग्रंथपालास शिकण्याची आवडच नाहीं!

याउलट महाविद्यालयांतील ग्रंथपालास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणें बढतीकरितां उजळणीचे वर्ग करावेच लागतात, आणि त्याकरितां रजाहि मिळते. तेंच शास्त्र, तींच पुस्तकें; पण एकाचें शिकणें नोकरीचा भाग आणि दुसऱ्याचें शिकणें त्याची खासगी हौस. हा भेद कोणत्या न्यायानें टिकतो?

मंडळांतील मित्र आम्हांस दोन आक्षेप ऐकवितात. पहिला असा कीं, शिकलेला मनुष्य सोडून जाईल. जाईल, कांहीं जातीलहि. पण न शिकलेला मनुष्य तीस वर्षें राहतो आणि माळ्यावरचीं पोतीं तशींच राहतात, ही त्याहून महाग गोष्ट आहे. दुसरा आक्षेप असा कीं, अधिवेशनांत शिकण्यासारखें कांहीं नसतें. हा आक्षेप आम्हांस निम्मा मान्य आहे. सकाळ उद्घाटनांत जाते, दुपार सत्कारांत, आणि सायंकाळीं अनुदानवाढीचा ठराव टाळ्यांच्या गजरांत मंजूर होतो. ठराव रास्त असतो. परंतु ज्यानें आयुष्यभर पुस्तकें हाताळलीं तो शेवटच्या रांगेंत बसतो, आणि ज्यांनीं तीं क्वचित् हाताळलीं ते व्यासपीठावर. प्रतिनिधि म्हणून ग्रंथपालाऐवजीं चिटणीसच जातात हाहि अनुभव नवा नाहीं. यावर उपाय अधिवेशन टाळणें हा नव्हे. निदान निम्मा वेळ काम करणाऱ्यांनीं काम करणाऱ्यांस कांहीं दाखविण्यांत जावा, अशी अट घालूनच आपला मनुष्य पाठवावा.

स्त्री-कर्मचाऱ्यांविषयीं एक शब्द स्वतंत्रपणें लिहिणें जरूर आहे. आज पुष्कळ वाचनालयांची टेबलें स्त्रियाच संभाळतात. रात्रीच्या गाडीनें परगांवीं जा, उतरण्याची सोय आपली आपण पाहा, असें त्यांस सांगणें म्हणजे जाऊं नका असें सांगणेंच होय. दोन गांवांच्या वाचनालयांनीं दोघींस मिळून पाठवावें, उतरण्याची जागा आधीं ठरवावी, व परतीचें तिकीट हातांत द्यावें. यांत उपकाराचा भाग कोठेंहि नाहीं.

आणि सर्वांनींच पुण्यामुंबईस जावें असें तरी कोठें आहे? धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मृत्यूनंतर स्थापन झालेलें संशोधन मंडळ आहे. त्यांनीं गांवोगांव वणवण करून मिळविलेलीं दप्तरें तेथें आहेत. त्याच शहरांत श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत रामदासी बाडें जपलेलीं आहेत. तीं जमविणारे शंकर श्रीकृष्ण देव हे आमच्याच धंद्यांतले, वकील होते, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. जुना कागद कसा हाताळावा हें शिकण्यास खानदेशांत याहून चांगली जागा नाहीं. जळगांवास १९९० पासून विद्यापीठ आहे, व. वा. जिल्हा वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. संगणकावरील सूचीचा वर्ग तेथें शोभेल. दोन्ही जिल्ह्यांस मिळून वर्षांतून एकदां बसावयाचें तर मध्यें अमळनेर आहेच. साने गुरुजींनीं जेथें शाळेंत शिकविलें, त्या गांवीं १९५२ व २०२४ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे मंडप पडले. तेथें पन्नास ग्रंथपालांच्या दोन दिवसांच्या वर्गास शाळेच्या दोन खोल्या मिळणें कठीण नाहीं. मंडप नको, हार नको. फळा, कांहीं संगणक व खळीचें एक पातेलें पुरे.

पैशाचा प्रश्न आम्ही बडोद्याच्याच रीतीनें सोडवूं. तेथें वाचनालयाकरितां लोकांनीं ठराविक रक्कम उभी केली कीं, तेवढीच संस्थानानें व तेवढीच प्रांत पंचायतीनें घालावयाची, असा नियम असे. येथें एक भाग वाचनालयानें द्यावा, एक जिल्हा संघानें, व एक गांवच्या व्यापारी मंडळींनीं. वाचनालयाचा भाग अनुदानांतून न काढतां वर्गणी व देणग्यांतून काढावा, म्हणजे तपासणीच्या वेळीं वाद नको. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयानें अनुदानाच्या शेंकडा दोन इतकी रक्कम या कामीं बाजूस काढली तरी ती ९६० रुपये होते. तिघांचे मिळून २,८८० होतात. अमळनेरच्या दोन दिवसांस भाडें, जेवण व बुडालेला रोज धरूनहि ही रक्कम बहुधा पुरावी.

मार्चअखेर हिशेब बंद होतील व मागोमाग वार्षिक सर्वसाधारण सभांच्या नोटिसा निघतील. त्या सभांपुढें ठेवण्याकरितां आम्हीं एक छोटा ठराव लिहून ठेविला आहे. त्यांत चारच कलमें आहेत: दरसाल निदान एका कर्मचाऱ्यास शिक्षणवर्गास किंवा अधिवेशनास पाठवावें; ते दिवस कामाचे धरावे; भाडें व भत्ता निघण्यापूर्वीं हातीं द्यावा; आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत त्यानें सभासदांपुढें अर्धा तास बोलावें, त्या वेळीं कार्यकारी मंडळानें समोर बसून ऐकावें. ज्या वाचनालयांस या ठरावाची प्रत हवी असेल त्यांनीं आमच्या कचेरींत मागणी करावी. प्रत विनामूल्य मिळेल. ज्या सभेंत तो नामंजूर होईल, तेथील सभासदांनीं नामंजुरीचीं कारणें आम्हांस लिहून कळवावीं. तीं आम्ही याच स्तंभांत छापूं.