पद्मिनीत दुसरं इंजिन बसवायचंय? आधी हिशेब ऐका

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात पार्ट्स शोधताना कोणीतरी विचारतंच, "पद्मिनीत मारुतीचं इंजिन बसेल का?" बसवता येतं. पण खरा खर्च इंजिनाचा नसतो.

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं मूळ इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर. ते उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं असतं. म्हणजे माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, वायरिंग, सगळं नव्याने जुळवायचं. आणि ब्रेक! चारही चाकांना ड्रम. ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवणं मला अजिबात पटत नाही. पहिले पैसे तिथे घाला.

मग ताडदेव आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल चालत नाही; 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही, तर विम्याचा दावाही अडतो.

सीएनजी किटला कायद्यात वाट आहे, पण टॅक्सीवाल्यांची डिकी सिलिंडरने खाल्ली आणि सामान टपावर गेलं.

मी तर म्हणेन, मूळ इंजिनच उघडून बोअरिंग, पिस्टन, रिंगा नीट करून घ्या. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. त्या इंजिनाचा आवाज आता मोजक्याच गाड्यांत उरलाय.