आपत्तीत प्रथम धावून जाणाऱ्यांचे मानसिक आरोग्य आणि शासनाची जबाबदारी

2 जून 2023 रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ तीन रेल्वेगाड्यांचा भीषण अपघात झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजेच एनडीआरएफच्या, नऊ तुकड्या तेथे पोहोचल्या. त्यांनी 44 जणांना वाचवले आणि 121 मृतदेह बाहेर काढले. काही दिवसांतच दलाच्या महासंचालकांनी दिल्लीतील एका परिषदेत सांगितले की, एका जवानाला पाणी दिसले की ते रक्तच वाटते. दुसऱ्याची अन्नावरची वासना उडाली आहे. गणवेशातील वरिष्ठ अधिकाऱ्याने असे उघडपणे बोलणे आपल्याकडे विरळाच. बचावकार्यावरून परतलेल्या जवानांसाठी समुपदेशन सुरू केल्याचेही त्यांनी सांगितले.

अपघात, आग, पूर किंवा भूकंपाच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींना प्रथम प्रतिसादक म्हणतात. पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि आपत्ती दलांचे जवान हे सगळे त्यात येतात. त्यांच्यावरचा ताण एका घटनेचा नसतो. तो साचत जातो. अशा प्रसंगानंतर झोप न लागणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे, दचकणे, चिडचिड होणे ही काही आठवडे स्वाभाविक प्रतिक्रिया समजावी. ती महिन्याहून अधिक टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर आघातोत्तर ताण विकाराची तपासणी करावी लागते. हा विकार उपचारांनी आटोक्यात येतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून 'काय पाहिले ते सांगा' असे बोलायला लावणे उपयोगी वाटते खरे, परंतु अशा सक्तीच्या एका बैठकीने पुढचा विकार टळत नाही, असे संशोधनात आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी मानसिक प्रथमोपचाराची शिफारस करते: सुरक्षितता, विश्रांती, घरच्यांशी संपर्क, आणि ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकून घेणे.

आता शासकीय तरतुदी पाहू. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2009 मध्ये आपत्तीतील मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा मुख्य भर आपद्ग्रस्तांवर आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 18 प्रत्येक व्यक्तीला शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देते. त्यात पोलीसही आलाच. मात्र याच कायद्यात पोलिसाचा वेगळा उल्लेख येतो तो दुसऱ्यांना मदत करणारा म्हणून: कलम 30 मध्ये त्याला जाणीवजागृतीचे प्रशिक्षण द्यायचे आहे, कलम 100 मध्ये निराधार फिरणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देण्याचे काम त्याच्यावर सोपवले आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही चोवीस तासांची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर सुरू आहे. सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला.

म्हणजे सेवा आहेत. मग जवान पुढे का येत नाही? केवळ लाजेमुळे, असे उत्तर देऊन भागत नाही. एनडीआरएफचे जवान केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून येतात, आणि या दलांत 'शेप' नावाची वैद्यकीय श्रेणी असते. त्यातील पहिले अक्षर मानसिक स्थितीचे. बढतीसाठी सर्वसाधारणपणे 'शेप-1' ही सर्वोच्च श्रेणी लागते. 'मला झोप लागत नाही' हे वाक्य डॉक्टरच्या नोंदीत गेले, तर बढती अडकेल, या भीतीला असा प्रत्यक्ष आधार आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 20 सांगते की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही वा पदावनत करता येत नाही. मानसिक आजारामुळे येणारे दिव्यांगत्वही त्यात धरले आहे. तथापि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदे या कलमातून वगळली. त्याच वर्षी 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवरील शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरतो, असा निर्णय दिला. गरज पडल्यास त्याला शस्त्राशी संबंध नसलेले काम द्यावे, पण वेतन व सेवाशर्ती कायम ठेवाव्यात, असेही न्यायालयाने सांगितले. माझ्या मते या विषयात सर्वांत उपयोगी वाक्य हेच आहे, कारण ते काम आणि पगार यांची गाठ सोडवते.

हे सारे झाले केंद्रीय दलांचे. पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या कामांत मोडते. त्यामुळे अग्निशामकाला समुपदेशक मिळेल की नाही, हे बहुधा त्याच्या महापालिकेच्या अंदाजपत्रकावर ठरते. 108 रुग्णवाहिका अनेक राज्यांत खासगी संस्था करारावर चालवतात. तेथील कर्मचारी शासनाचे काम करतो, पण शासनाचा नोकर नसतो. त्याच्या मानसिक आरोग्याची तरतूद करारात लिहिलेली असेल, तरच ती मागता येते.